चावी फिरवली की गाडी कधी चालू होते, कधी होत नाही. रिमोटचा सेल बदलला तरी तेच. आता चावी बदलू की बॅटरी?

सेल बदला असं ज्याने सांगितलं तो आमच्या दादाचा कोणीतरी लागत असणार. चावी घालून फिरवायची गाडी असेल तर रिमोटमधला तो चपटा सेल फक्त दारं उघडायला-लावायला असतो, इंजिनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. इंजिनासाठी चावीच्या प्लॅस्टिकात वेगळी बारीक चिप असते आणि तिला सेल लागतच नाही. चावी घालतो त्या जागेभोवती कॉइल (तारेचं वेटोळं) असते, ती चिपला जागं करते, चिप कोड सांगते, आणि गाडीला तो पटला तरच इंजिन चालू राहतं. हाच तो इमोबिलायझर. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, म्हणजे हे काही काल आलेलं खूळ नाही, पण दादाला ते अजून पटलेलं नाही.

गाडी त्याची, चालवायचो दोघंही. अधूनमधून असं व्हायचं की सेल्फ (इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर) दणक्यात फिरतोय, इंजिन क्षणभर पकडतंय आणि लगेच बसतंय. चावी काढून परत घातली की कधी चालू, कधी नाही. दादाचं निदान ठरलेलं, बॅटरी गेली. अरे बॅटरी गेली असती तर सेल्फ एवढ्या जोरात फिरला असता का? पण नाही, नवी बॅटरी टाकली. मग सेल बदलला. मग मेकॅनिक म्हणाला फ्युएल पंप बघू, तोही बघून झाला, आणि शेवटी खापर माझ्यावर, म्हणे तू चावी धसमुसळेपणाने फिरवतेस. यावरून आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

एकदा भर पावसात सगळे गाडीत बसलेले, दादा बोनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल (वायर जोडतात ते टोक) हलवतोय, आणि मी ड्रायव्हर सीटवर. तेव्हा डॅशबोर्डवर लक्ष गेलं. गाडी आणि चावीचं चित्र असलेला छोटा दिवा भराभर लुकलुकत होता, एरवी तो येतो आणि विझतो. मग जुडगा बघितला तर त्यात एकाच गाडीच्या दोन चाव्या! डुप्लिकेट "हरवू नये म्हणून" दादाने त्याच रिंगमध्ये अडकवली होती, आणि तिचं काळं डोकं बरोबर कॉइलला टेकून लोंबत होतं. दोन चिपा एकदम बोलायला लागल्यावर गाडीने ऐकायचं कोणाचं? मी ती काढून मागे वहिनीकडे दिली, चावी फिरवली, गाडी चालू. दादा बोनेट आपटत म्हणतो, बघ, टर्मिनलच होतं. मी गाडी बंद केली, डुप्लिकेट परत जवळ धरून चावी फिरवून दाखवली, इंजिन परत बसलं. तर म्हणे योगायोग.

तुमचं म्हणाल तर सेल्फ फिरतो का हेच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. नुसतं टिक टिक टिक होऊन दिवे मंद होत असतील तर बॅटरी किंवा टर्मिनल (पांढरी-हिरवी बुरशी साचते ती आधी साफ करा). बॅटरीला व्होल्टमीटर लावा, काही तास उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवलं तर भरलेली, 12 च्या खाली तर उतरलेली. दिवे लख्ख आणि एकच टक, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच). सेल्फ नीट फिरतोय आणि चावीचा दिवा लुकलुकतोय तर बॅटरीला हात लावू नका, दुसरी चावी एकटी घालून बघा. तिने दर वेळी चालू झाली तर पहिलीची चिप गेली.

नवी चावी नुसती घासून घेतलीत तर दार उघडेल, इंजिन नाही, कोडिंग, म्हणजे नव्या चिपची गाडीशी ओळख, करावंच लागतं. आणि डुप्लिकेट वेगळ्या माणसाकडे ठेवा, एका रिंगमध्ये दोन्ही म्हणजे हरवल्या तर दोन्ही एकदम, मग गाडी उचलूनच न्यायची.

हां, दोन चाव्यांचा हा घोळ प्रत्येक गाडीत होत नाही. दोन्ही चाव्या सारख्याच नखरे करत असतील तर कॉइल किंवा तिची वायर बघायला सांगा. काही गाड्यांत इमोबिलायझर सेल्फच फिरू देत नाही, म्हणून दिवा बघितल्याशिवाय निकाल लावू नका. बटण स्टार्टची गाडी असेल तर मात्र सेलचं महत्त्व आहे, तो मेला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवून बटण दाबलं की चालू होते. आणि ऑटोमॅटिक असेल तर धक्का मारायला माणसं गोळा करू नका, ती तशी चालू होत नाही.