न्यूयॉर्कच्या गृहसोडतीत लॉग नंबर मोठा आला, तर किती काळ वाट पाहावी?

तुम्ही विचारले आहे की, ब्रुकलिनमधील एका नव्या इमारतीसाठी ‘हाउसिंग कनेक्ट’वर, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या शहर-सोडतीच्या संकेतस्थळावर अर्ज केला, लॉग नंबर म्हणजे सोडतीतील अर्जाचा क्रमांक हजारांच्या घरात आला, कुटुंब तिघांचे आहे, सध्याच्या घराचा करार लवकरच संपतो आहे, अशा वेळी सोडतीच्या निकालाची वाट पाहावी, की नवा करार करून मोकळे व्हावे? मी स्वतः याच सोडतीतून मिळालेल्या घरात राहते, त्यामुळे मत थोडे ठामपणे देते : नवा करार करावा, आणि अर्जही तसाच चालू ठेवावा. या दोन्ही गोष्टींत विरोध नाही. सोडतीच्या आशेवर राहते घर सोडणे किंवा करार लोंबकळत ठेवणे मात्र धोक्याचे आहे. २०२३च्या शहर पाहणीत भाड्याच्या घरांपैकी जेमतेम १.४ टक्के घरे रिकामी आढळली होती, म्हणजे हातातले घर गेल्यावर दुसरे शोधणे किती कठीण जाईल, हे वेगळे सांगायला नको.

आता लॉग नंबरविषयी. अर्जाची मुदत संपल्यानंतर सर्व अर्जांना संगणक यादृच्छिक क्रमांक देतो. पहिल्या दिवशी अर्ज केला की शेवटच्या, याने काहीही फरक पडत नाही, म्हणून मध्यरात्री जागून अर्ज भरणाऱ्यांची मला नेहमीच दया येते. मात्र हा क्रमांक म्हणजे एकाच सरळ रांगेतील जागा नव्हे. इमारतीतील काही टक्के घरे अपंग व्यक्तींसाठी राखीव असतात : ५ टक्के हालचालीच्या अडचणी असणाऱ्यांसाठी आणि २ टक्के दृष्टी किंवा श्रवणदोष असणाऱ्यांसाठी. त्यानंतर काही घरांसाठी त्या कम्युनिटी बोर्डाच्या (शहराच्या स्थानिक प्रभागाच्या) हद्दीतील रहिवाशांना प्राधान्य मिळते. हे प्रमाण पूर्वी ५० टक्के होते. त्याविरुद्ध २०१५ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली, त्यानुसार ते २० टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२९ नंतर १५ टक्के होणार आहे. शहराच्या कर्मचाऱ्यांनाही काही प्राधान्य असते. या सर्वांनंतर शहरातील इतर रहिवासी येतात आणि शहराबाहेरचे अर्जदार त्यांच्याही मागे. तेव्हा तुमचा क्रमांक मोठा असूनही, तुम्ही त्याच कम्युनिटी बोर्डाच्या हद्दीत राहत असाल, तर तुमच्याहून लहान क्रमांकाच्या पण बाहेरच्या अर्जदाराआधी तुम्हाला बोलावणे येऊ शकते. उलटेही तितकेच खरे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इमारतीतील सर्व घरे एका गटाची नसतात. प्रत्येक घराला खोल्यांची संख्या, कुटुंबातील माणसांची संख्या आणि उत्पन्नाची किमान व कमाल मर्यादा ठरलेली असते, आणि तुमची स्पर्धा केवळ त्या चौकटीत बसणाऱ्यांशी असते. शिवाय मोठ्या संख्येने अर्जदार बोलावणे आल्यावर उत्तरच देत नाहीत, कागदपत्रे देत नाहीत किंवा उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर असल्याचे आढळते. म्हणून ऐंशी घरांसाठी पहिले ऐंशी क्रमांक बोलावले जातात असे समजू नये. यादी त्यापेक्षा कितीतरी खाली जाते. तरीही एकेका इमारतीसाठी हजारोंनी अर्ज येत असल्यामुळे, पाच आकडी क्रमांकावर आणि कोणतेही प्राधान्य नसताना बोलावणे आले, तर ते नशीबच म्हणावे.

मला विचाराल तर नंबरापेक्षा उत्पन्नाचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे, कारण नंबर आपल्या हातात नसतो आणि हिशेब असतो. सर्व मर्यादा ‘एएमआय’ या आकड्यावरून निघतात. हा प्रदेशातील कौटुंबिक उत्पन्नाचा मध्य असून, केंद्र सरकारचे गृहनिर्माण खाते तो दरवर्षी ठरवते. २०२५ साठी तिघांच्या कुटुंबाचा पूर्ण म्हणजे १०० टक्क्यांचा आकडा १,४५,८०० डॉलर होता, त्यामुळे ६० टक्क्यांच्या गटाची मर्यादा ८७,४८० डॉलर आणि ८० टक्क्यांच्या गटाची १,१६,६४० डॉलर ठरते. जाहिरातीत प्रत्येक गटाचे किमान उत्पन्नही दिलेले असते, कारण भाडे उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशात बसले पाहिजे असा नियम आहे. सेक्शन ८ किंवा सिटीफेप्ससारखे भाडे-साहाय्य असणाऱ्यांना मात्र ही किमान मर्यादा लागत नाही. पगारदारांचे उत्पन्न कर कापण्याआधीचे धरले जाते. जादा कामाचे पैसे आणि बोनस त्यात येतात. गावी आईवडिलांना पाठवलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचे उत्पन्न खर्च वजा जाता धरले जाते, आणि तेही काही वर्षांचा कल पाहून. पुणे किंवा नागपूरच्या बँकेतील मुदत ठेवीही मालमत्तेतच मोजल्या जातात आणि त्यांवरील व्याज उत्पन्नात येते, हे आपल्या लोकांना पटकन पटत नाही. उत्पन्न मर्यादेच्या अगदी काठावर असेल, तर हा व्याजाचा आकडाही निर्णायक ठरू शकतो, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच बेरीज करून पाहावी.

कुटुंबातील माणसे मोजताना जे लोक खरोखर तुमच्याबरोबर कायम राहणार आहेत, त्यांनाच धरावे. सहा महिन्यांसाठी भारतातून येणारे आईवडील त्यात येत नाहीत. नोकरी न करणारा जोडीदार मात्र मोजला जातो आणि त्यामुळे मर्यादा वाढते. मूल जन्मले, नोकरी बदलली, पगार वाढला, तर हाउसिंग कनेक्टवरील माहिती लगेच बदलावी. आणि एकाच इमारतीसाठी घरातील दोघांनी वेगवेगळे अर्ज भरून शक्यता दुप्पट करण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती मुळीच करू नका. एकच व्यक्ती दोन अर्जांत आढळली की दोन्ही अर्ज बाद होतात. वेगवेगळ्या इमारतींसाठी मात्र हवे तितके अर्ज करता येतात, आणि तेच करावे.

बोलावणे आले की खरी धावपळ सुरू होते, कारण कागदपत्रे देण्याची मुदत फार कमी असते. सलग पगारचिठ्ठ्या, नोकरीच्या ठिकाणचे पत्र, कराची विवरणपत्रे, डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद), बँकांची खातेपत्रके, ओळखपत्रे, सर्वांचे जन्मदाखले, सध्याचा भाडेकरार, वीज-गॅसची बिले : हे सारे आधीच एका फाइलमध्ये तयार ठेवावे आणि दर महिन्याला नवी पगारचिठ्ठी त्यात घालत राहावे. माझ्या बाबतीत खात्यात भावाकडून आलेली एक मोठी रक्कम नेमकी कशाची, याचे लेखी स्पष्टीकरण मागितले गेले होते. तेव्हा कुटुंबातील देण्याघेण्याचे संदेश किंवा चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. जुने जन्मदाखले केवळ मराठीत असतात. त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे, कारण बोलावणे आल्यानंतर भाषांतरकार शोधण्यात मुदतीतले मौल्यवान दिवस जातात.

नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसल्यामुळे अनेक जण अर्जच करत नाहीत. सर्वसाधारण सोडतीसाठी नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे व्हिसावर काम करणाऱ्यांनीही अर्ज करावा. केंद्राच्या काही भाडे-साहाय्य योजनांचे नियम वेगळे असतात, तेवढे जाहिरातीत पाहून घ्यावे. क्रेडिट स्कोअर कमी असेल, तर मागील १२ महिन्यांचे भाडे वेळेवर भरल्याचा पुरावाही पर्याय म्हणून देता येतो, हे नव्याने आलेल्यांना फार उपयोगी पडते. अर्जासाठी पैसे लागत नाहीत आणि दलालीही नसते. नंबर पुढे सरकवून देतो असे सांगणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहावे. अर्ज भरण्यात मदत हवी असेल, तर शहराने नेमलेले ‘हाउसिंग अॅम्बॅसिडर’ विनाशुल्क मदत करतात.

नकार आला, तर त्यातील कारण नीट वाचावे. अपील करण्यासाठी कामकाजाचे १० दिवस मिळतात, आणि उत्पन्नाची आकडेमोड चुकली असेल किंवा एखादा कागद पोहोचला नसेल, तर अपील जरूर करावे. गरजेनुसार क्रम लागत नाही, ही गोष्ट मला या व्यवस्थेत सर्वांत खटकते : एकाच गटातील दोन कुटुंबांपैकी एक निवाराघरात असो वा दुसरे आरामात नांदत असो, संगणकाला त्याचे काही नसते.

जास्त उत्पन्नाच्या गटांविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवा. १३० टक्के एएमआयच्या घरांची भाडी काही भागांत बाजारभावाला जवळजवळ टेकलेली असतात. तिथे घर मिळाले तरी बचत थोडी होते. फायदा इतकाच की ही घरे सहसा रेंट-स्टॅबिलाइझ्ड, म्हणजे भाडेवाढीवर नियंत्रण असलेली, असल्याने पुढची भाडेवाढ शहराचे मंडळ ठरवेल तेवढीच होते आणि उत्पन्न पुढे वाढले तरी साधारणपणे घर सोडावे लागत नाही.

तुमच्या कराराकडे परत येते. घर रेंट-स्टॅबिलाइझ्ड असेल, तर नूतनीकरण एक किंवा दोन वर्षांसाठी निवडता येते. तुम्ही एक वर्ष निवडा. नसेल, तर मालकाला महिन्यागणिक करार मागून पाहा, आणि तो नाही म्हणाला तरी घाबरू नका. २०१९च्या कायद्यामुळे मध्येच घर सोडल्यास मालकाला ते पुन्हा भाड्याने देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, त्यामुळे उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे आपोआप तुमच्या माथी बसत नाही. नव्या घरासाठी पहिल्या महिन्याचे भाडे आणि जास्तीत जास्त एका महिन्याची अनामत एवढी रक्कम वेगळी काढून ठेवा. अर्जाची मुदत संपल्यानंतर बोलावणे येण्यास साधारण दोन ते दहा महिने लागू शकतात, तेवढ्या काळात ईमेलचा स्पॅम विभागही अधूनमधून पाहत जा.