नवा खेळ येईपर्यंत चालू कॅम्पेन थांबवावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचा आपला गट गेली चार वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आहे, पात्रे नवव्या लेव्हलला (ताकदीच्या पायरीला) पोहोचली आहेत, आणि एका नव्या फँटसी खेळाचे चाचणी-नियम (पुस्तकाआधी खेळून पाहण्यासाठी दिलेला मसुदा) हाती पडल्यापासून कोणाचेच मन चालू कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेत, लागत नाही. पुस्तक यायला अजून बराच अवकाश आहे. तोवर कॅम्पेन थांबवावे का, जुनी पात्रे नव्या नियमांत न्यावीत का आणि आगाऊ पैसे भरावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चाचणी-नियम आत्ताच खेळायला घ्यावेत, पण वेगळ्या, छोट्या कथेसाठी; कॅम्पेन जुन्याच नियमांवर शेवटास न्यावे; आणि पैशांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

चाचणी-नियमांना अंतिम पुस्तकाची प्रत समजण्याची चूक जवळजवळ प्रत्येक गट एकदा तरी करतो. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची जाहीर चाचणी ऑगस्ट २०१८मध्ये सुरू झाली, तेव्हा जादुई वस्तू वापरण्यासाठी ‘रेझोनन्स’ नावाचे गुण खर्च करावे लागत. त्यावरून पुष्कळ वाद झाले, आणि ऑगस्ट २०१९मध्ये पुस्तक आले तेव्हा तो नियम त्यात नव्हता. ‘ड्रॉ स्टील’ या नव्या खेळाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. डिसेंबर २०२३मध्ये लोकांनी त्यासाठी पैसे भरले तेव्हा खेळाला धड नावही नव्हते, ‘एमसीडीएम आरपीजी’ (प्रकाशकाचे नाव आणि ‘रोल-प्लेइंग गेम’चे लघुरूप) एवढीच त्याची ओळख होती, आणि यश ठरवणारी मूळ फेक सहा बाजूंच्या दोन फाशांची होती; आज तोच खेळ दहा बाजूंच्या दोन फाशांवर चालतो. तेव्हा आपल्या गटातील ज्या सदस्याने चाचणी-नियमांतील एका विशिष्ट वर्गासाठी (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारासाठी) पात्राचा तीन पानी पूर्वेतिहास लिहून ठेवला आहे, त्याला थोडे सबुरीने घेण्यास सांगावे.

मग एवढे बदलणार असेल तर आत्ता खेळायचे कशासाठी? फासे आपल्या टेबलावर काय करतात हे पाहण्यासाठी. नव्या खेळाची वाट पाहताना बहुतेक जण नकाशे, देवदेवता आणि राक्षसांची चित्रे पाहतात. मी आता प्रथम मूळ फेकीचे गणित मांडतो. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते, त्यामुळे पात्राच्या कौशल्यापोटी फेकीत +२ मिळाले की लक्ष्य गाठण्याची, म्हणजे यशाची शक्यता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्यावर विषय संपतो. ‘ड्रॉ स्टील’मध्ये दहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज करतात आणि तिच्यावरून परिणामाचे खालून वर तीन टप्पे पडतात: ११ किंवा कमी, १२ ते १६, आणि १७ किंवा अधिक. बेरजेत काहीही न मिळवता या टप्प्यांची शक्यता अनुक्रमे ५५, ३५ आणि १० टक्के येते. पहिल्या लेव्हलच्या पात्राचे मुख्य गुणवैशिष्ट्य +२ असते. ते मिळवले की हेच आकडे ३६, ४३ आणि २१ होतात. म्हणजे त्याच +२ने खालच्या टप्प्यात अडकण्याची शक्यता थेट १९ टक्क्यांनी कमी होते. शिवाय तेथे हल्ला हुकत नाही, अगदी खालच्या टप्प्यालाही शत्रूला इजा होतेच. ज्यांना ‘तुझा नेम चुकला, पुढचा कोण?’ हे ऐकण्याचा कंटाळा आला आहे त्यांना हे आवडेल. ज्यांना एकाच फाशावर सर्वस्व लावण्यातली धडधड हवी असते त्यांना ते सपक वाटेल. दोन्ही मते माझ्याच गटात आहेत.

दुसरे गणित ‘डॅगरहार्ट’ या आणखी एका नव्या खेळाचे. मार्च २०२४मध्ये त्याची खुली चाचणी सुरू झाली आणि मे २०२५मध्ये पुस्तक आले. येथे खेळाडू बारा बाजूंचे दोन फासे टाकतो, एक आशेचा आणि एक भीतीचा. यशापयश बेरजेवर ठरते, पण कोणता फासा वरचढ ठरला यावर पुढचा प्रसंग कोणत्या अंगाने जाणार हे ठरते. एकूण १४४ शक्यतांपैकी ६६ वेळा भीती वरचढ असते, म्हणजे सुमारे ४६ टक्के.

हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. आमच्या पहिल्याच सेशनमध्ये (बैठकीत) चोराची भूमिका करणाऱ्या खेळाडूने कुलूप उघडण्यासाठी फासे टाकले: आशा ४, भीती ९, वर +२, एकूण १५. लक्ष्य १४ होते, म्हणजे कुलूप उघडले, पण भीतीसह. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण गेममास्टर, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा, मी होतो. मी म्हटले की खिट्टी सरकली, पण हत्यार आतच तुटले, त्यामुळे हे दार आता मागून लावून घेता येणार नाही. टेबलावर मजा आली. मात्र तीन तासांत अशी वेळ इतक्यांदा आली की शेवटच्या तासात मी पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज तीनदा ऐकवला, आणि तिसऱ्या वेळी कोणी मान वर करूनही पाहिले नाही. नियमांत दोष नव्हता. ऐन वेळी गुंतागुंत रचण्याचे जे काम हा खेळ गेममास्टरवर टाकतो, त्याची माझी तयारी नव्हती. म्हणून आपल्या गटात खेळाडूंचा उत्साह किती आहे यापेक्षा पडद्यामागे बसणाऱ्या व्यक्तीला दोन सेशननंतर काय वाटते, याला मी अधिक वजन देईन.

जुनी पात्रे नव्या नियमांत नेण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या चालू खेळात लेव्हल १ ते २० असतात. ‘डॅगरहार्ट’ आणि ‘ड्रॉ स्टील’ या दोन्हींत त्या १० पर्यंतच आहेत, त्यामुळे आपली ‘नववी’ तेथे जवळजवळ शिखर ठरते. चार वर्षांत एकेक करून अंगवळणी पडलेल्या क्षमतांच्या जागी वीस-पंचवीस अनोळखी क्षमता एकाच संध्याकाळी हातात आल्या, तर खेळाडू स्वतःच्याच पात्राला परके होतात.

पैशांविषयी एक अनुभव सांगतो. एका खेळाच्या लोकवर्गणीत मी सर्वांत महागडी प्रत, सोबत फासे आणि लघुमूर्ती असा पर्याय निवडला होता. पेटी ठरल्या वेळेपेक्षा दीड वर्ष उशिरा आली, आणि तोवर आमच्या गटातील दोघांचे खेळणेच सुटले होते. मूर्ती अजून रंगवायच्या राहिल्या आहेत. तेव्हापासून मी आधी डिजिटल नियम घेतो आणि छापील पुस्तक गटाने दहा-बारा सेशन खेळल्यावर.

चाचणीसाठी तीन सेशन ठेवावीत, पहिल्या लेव्हलची नवी पात्रे घ्यावीत, आणि त्यांत एक लढाई, एक वाटाघाट व एक चोरवाटेचा प्रसंग जरूर असावा, कारण अनेक खेळ लढाईत चोख असतात आणि वाटाघाटीत गेममास्टरला वाऱ्यावर सोडतात. घरचे (गटाने स्वतः ठरवलेले) नियम पहिल्या दोन सेशनमध्ये आणू नयेत, नाहीतर आपण नेमके काय तपासले हेच कळत नाही. प्रत्येक सेशननंतर नियम शोधण्यासाठी खेळ किती वेळा थांबला एवढे मात्र टिपून ठेवावे; प्रकाशकाकडे अभिप्राय पाठवताना ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ यापेक्षा अशी नोंद कितीतरी उपयोगी पडते. तिसऱ्या सेशननंतरही गटाला त्याच कथेचे चौथे सेशन हवे असेल, तर मला येथे अवश्य कळवा. चालू कॅम्पेनचा शेवट घाई न वाटता चार-पाच सेशनमध्ये कसा बांधता येईल, ते आपण पात्रांची माहिती घेऊन ठरवू.