फियरलेस नादिया यांनी स्टंटचे शिक्षण कुठे घेतले होते?

१९३०च्या दशकातल्या हिंदी स्टंटपटांच्या नायिका नादिया यांनी स्टंटचे रीतसर शिक्षण कुठेच घेतले नव्हते; मुंबईच्या वाडिया मूव्हीटोन या चित्रपटसंस्थेत येण्यापूर्वी वायव्य सरहद्दीकडे लहानपणी केलेली घोडेस्वारी, पुढे शिकलेले बॅले आणि सर्कशीतले काम हीच त्यांची तालीम होती, आणि ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) आगगाडीच्या टपावर डुप्लिकेट न घेता हाणामारी करताना जो तोल दिसतो, तो माझ्या मते तिथूनच आला. या संस्थेचे संस्थापक जे. बी. एच. वाडिया यांचे नातू रियाद वाडिया यांच्या १९९३च्या माहितीपटात हा प्रवास पाहायला मिळतो. मात्र ‘हंटरवाली’ (१९३५) हा त्यांचा पहिलाच चित्रपट, हा समज चुकीचा आहे. वाडियांनी त्याआधी त्यांना छोट्या भूमिकांतून पारखून घेतले होते.