आजीच्या योगवर्गाबद्दल

प्रिय ईरा,

ठाण्याच्या नौपाड्यात आजीबरोबर रोज सकाळी योगवर्गाला जायला लागलीस आणि विचारलंस, की तिथे फी का घेत नाहीत, अर्धा वेळ नुसतं बसवून का ठेवतात, आणि हा सगळा व्यायाम आहे, देवाचं काही आहे, की शिकवणाऱ्या ताईंची नोकरी आहे? इकडच्या आपल्या स्टुडिओत तासाचे पैसे भरून लोक घामाघूम होतात, म्हणून तुला ते वेगळं वाटणारच.

बसण्यापासून सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाबद्दल जेमतेम तीन सूत्रं आहेत. त्यातलं पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे न हलता, त्रास न होता बसता येईल ते आसन. पाठ आणि गुडघे कुरकुर करत असतील तर श्वासाकडे लक्ष राहत नाही, आणि श्वास अडखळत असेल तर मन ठरत नाही. आसनं करायची ती एवढ्यासाठी. वर्गात आसनं थोडी आणि बसणं जास्त, हे मला तरी योग्यच वाटतं.

आजी बुडाखाली चादरीची घडी घेते ना, तीही तू घे. दोन-तीन इंच उंची पुरते. सतरंजीवर सपाट मांडी घातली आणि गुडघे कमरेच्या वर राहिले, की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, छाती दबते आणि श्वास उथळ होतो. दहा मिनिटांत पाठ दुखायला लागते ती यामुळे. घडीच्या पुढच्या कडेवर बसलं की गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. पुण्याच्या योगगुरू अय्यंगारांनी घड्या, पट्टे, लाकडी ठोकळे वापरायची पद्धत जगभर नेली. त्यात कमीपणा काही नाही.

पद्मासनाची घाई मात्र करू नकोस. पाय वळतो तो खुब्यातून वळायला हवा. गुडघा बिजागरीसारखा, मुख्यतः एकाच दिशेने दुमडणारा. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढून मांडीवर चढवलं, तर सगळा पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसतो. खुब्याच्या बाहेरून ताण जाणवला तर चालेल, पण गुडघ्यात कळ आली की तिथेच पाय सोडायचा. हाताने गुडघा खाली दाबायचा तर अजिबात नाही.

आता सूर्यनमस्कार. हात वर नेताना श्वास आत, खाली वाकताना बाहेर, पाय मागे टाकून छाती उचलताना आत. साष्टांगात दोन्ही पावलं, गुडघे, तळवे, छाती आणि कपाळ टेकतात, पोट उचललेलं राहतं, आणि तेवढा वेळ श्वास बाहेरच थांबतो. भुजंगासनात आत, पर्वतासनात बाहेर. पुढे तोच क्रम उलटा. चुका बहुतेक दोनच जागी होतात. एक, भुजंगासनात खांदे कानांपर्यंत चढतात आणि मान मागे फेकली जाते. कोपरं किंचित वाकलेली ठेवून खांदे खाली ओढले की मानेवरचा भार जातो. दुसरी, पाय पुढे घेताना गुडघा घोट्याच्या पुढे जातो. श्वास हालचालीच्या मागे पडायला लागला, की वेग जास्त झाला असं समजायचं. बारा नमस्कार असे घालणं धापा टाकत घातलेल्या पन्नासांपेक्षा कितीतरी अवघड आहे.

प्रत्येक नमस्काराला ‘ॐ मित्राय नमः’, ‘ॐ रवये नमः’ अशी सूर्याची नावं घेतात, म्हणून तुला ते देवाचं वाटलं. आहेच ते. पण योगसूत्रांत ईश्वराला शरण जाणं हा मन स्थिर करण्याच्या अनेक उपायांपैकी एक सांगितलाय. श्वासाकडे लक्ष देणं हाही त्याच यादीत आहे. ज्याला जो जमेल तो. ज्ञानदेव नाथपंथातले, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी बैठक, बंध, कुंडलिनी यांचं जे वर्णन केलंय, ते मोठी झाल्यावर आजीजवळ बसून वाच. तेच ज्ञानदेव वारकऱ्यांची माउली. आपल्याकडे हरिपाठ आणि प्राणायाम एका घरात सुखाने नांदतात ते असे.

ही विद्या संन्याशांकडून संसारी माणसांत आली त्याला फार काळ झालेला नाही. परमहंस माधवदासजींच्या एका शिष्याने, योगेंद्रजींनी, 1918 मध्ये मुंबईत द योग इन्स्टिट्यूट काढलं. दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करताना पोटात दाब किती उतरतो हे यंत्र लावून मोजलं. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने योग घराघरांत नेला. निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरचे वर्ग तर विनामूल्य असतात. तिथे शिकून तयार झालेले साधकच पुढच्यांना शिकवतात. आजीचा वर्ग त्याच वळणाचा.

म्हणून पैसे घेणारे खोटे, असं नाही. दिवसभर शिकवणाऱ्याला घर चालवायचंच असतं. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, इकडे 200 तासांचं प्रमाणपत्र चालतं. पण 200 तास महिनाभरात निवासी वर्गातही भरतात. कुणाचा श्वास अडकलाय, कुणाचा गुडघा वळतोय, हे वीस माणसांत टिपणारी नजर त्यानंतर कित्येक वर्षांनी येते. इकडे आल्यावर वर्ग शोधशील तेव्हा शिक्षक पहिल्या दिवशी काय विचारतात ते बघ. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, पाठीची जुनी दुखणी, गरोदरपण यांची चौकशी न करता सगळ्यांना शीर्षासन आणि कपालभाती लावणारा वर्ग फुकट असला तरी नको.

आणि भुजंगासनात मळमळतं म्हणालीस, ते आसनामुळे नसावं. आजी लाडाने निघताना दूध-बिस्किटं देते ना, ती वर्गावरून आल्यावर खा. जेवणानंतर चार तास आणि दूध-बिस्किटांसारख्या खाण्यानंतरही निदान दोन तास जायला हवेत. तेवढ्यानेही थांबलं नाही तर ताईंना सांग, आणि तोवर साष्टांगानंतर छाती थोडीच उचल.

तुझी,
आई