वाचकांचे प्रश्न: हिरो हॉकी खेळतो आणि आई पुस्तक उशीखाली ठेवते

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आली तेव्हा एक इंग्लिश कादंबरी इथंच विसरून गेली. गुलाबी कव्हर, वर कार्टूनसारखं जोडपं, मुलाच्या हातात हॉकी स्टिक. मला वाटलं शाळकरी पोरांचं असेल, म्हणून सहज चाळायला घेतलं तर जागून संपवलं की हो! लई हसले. पण मधेच अशी पानं आली की उठून खोलीचं दार लावलं. ह्यांनी विचारलं काय वाचतीयस, म्हटलं खेळाचं आहे. आता मला सांगा, तो पेनल्टी बॉक्स काय प्रकार आहे, आणि एवढा स्टार प्लेयर एका विषयात गटांगळ्या खातो तर कोचचं बीपी का वाढतं? आणि पोरीला सांगू का, की मी वाचलं?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, खेळाचं आहे हे काही खोटं नाही. आणि कव्हरनं फसणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हल्ली ही कार्टून कव्हरची फॅशनच आहे, आत साधं हात धरणं असेल नाहीतर तुम्ही दार लावलंत ते असेल, बाहेरून कळतच नाही. (मला विचाराल तर प्रकाशकांनी मिरचीचं चित्र छापावं, एक मिरची, तीन मिरच्या.)

आता खेळ. आपली हॉकी विसरा. ही बर्फावरची, बॉलऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात, ती फार उसळू नये म्हणून मॅचआधी फ्रीजरमध्ये ठेवतात. गोलकीपर धरून सहा जण बर्फावर, २० मिनिटांचे तीन डाव, आणि दम एवढा लागतो की पाऊण-एक मिनिटात पोरं बदलतात, तेही खेळ चालू असताना. फाउल केला की काचेमागच्या खोक्यात २ मिनिटं जाऊन बसायचं, तो पेनल्टी बॉक्स. कबड्डीत पिवळं कार्ड मिळालं की २ मिनिटं बाहेर बसतात ना, तसंच, फक्त इथं तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला तर साध्या फाउलवाला लगेच सुटतो.

कोचचं बीपी मात्र खरं आहे हो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला मार्कांची अट असते, ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की बेंचवर. आपल्याकडं उलटं, खेळला म्हणून ग्रेस मार्क मिळतात! या कादंबऱ्यांचं निम्मं घर त्या अटीवर चालतं, कारण मग हिरोला शिकवायला हुशार मुलगी लागते, ती आधी नाही म्हणते, मग लायब्ररीत रोज संध्याकाळी भेटणं आलंच, आणि कुणाला काही कारणही सांगावं लागत नाही. प्रेमात पडायला एवढा बिनबोभाट बहाणा विद्यापीठानंच दिल्यावर लेखिकेनं तरी काय करावं.

जिथं लेखिका थाप मारतात तेही सांगतो. हिरॉइनला कुणी काही बोललं म्हणून हिरो बर्फावरच ठोसे लगावतो आणि पुढच्याच मॅचला टाळ्या घेत गोल मारतो, असं कॉलेज हॉकीत होत नाही, मारामारी केली की त्या मॅचमधून बाहेर आणि वर पुढची मॅचही बंद. व्यावसायिक लीगमध्ये सहसा ५ मिनिटं बसून परत येतात, ते नियम इकडं उचललेले असतात. अजून एक गंमत बघा, जुन्या पुस्तकात हिरो कडका असतो, नव्यात त्याच्याकडं जाहिरातीचे पैसे असतात, कारण १ जुलै २०२१ पासून तिकडं कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची परवानगी मिळाली.

पोरीला सांगायचं का? सांगा, पण त्या पानांवर चर्चासत्र नको, ती फोनच ठेवून देईल. या बहुतेक सिरीज असतात, दर पुस्तकात टीममधल्या वेगळ्या पोराचं जमतं, तेव्हा नुसता मेसेज टाका: त्या गोलकीपरचं पुस्तक आलंय का गं?

प्रश्न: मी कॉलेजकडून खो-खो खेळतो. मैत्रिणीनं असलंच एक पुस्तक वाचायला दिलंय. पहिल्या चॅप्टरलाच कळलं की ह्यांचं जमणार, मग पुढची चारशे पानं कशाला? आणि हिरो कायम सहा फूट चार इंच का? मी पाच सहा आहे.
— खेळाडू, सातारा

उत्तर: मित्रा, जिंकलेल्या मॅचच्या हायलाइट्स बघतोसच की. रोमान्समध्ये शेवट गोड होणार हा करारच आहे, आपल्याकडं प्रेमकथा म्हटलं की कुणीतरी मेल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही म्हणून तुला ते विचित्र वाटतंय. मजा कशी जमते त्यात असते, आणि एक चॅप्टर तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून असं लिहिलेलं असतं, तर तिचे चॅप्टर नीट वाच. हिरोच्या उंचीवर ती थोडीच भाळते, मॅच हरल्यावर तिच्यावर न खेकसता तिच्या प्रेझेंटेशनला येऊन मागच्या रांगेत बसतो, तिथं खरी घसरते. मैत्रिणीनं पुस्तक उगाच दिलेलं नाही, एवढं लक्षात घे.

आणि बर्फाच्या मैदानाचं एवढं अप्रूप कशाला, तुमच्याकडं काय कमी आहे? शिवाजी विद्यापीठाच्या झोनल, मग इंटरझोनल, सातारा-सांगली-कोल्हापूरची कॉलेजं, पहाटेची एसटी, एकाच मैदानावर पोरींची मॅच संपायची वाट बघत उभी असलेली पोरांची टीम. आणि खो-खोत तर आठ जण एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेले असतात, पाठीत थाप पडेपर्यंत कोण आलं ते दिसतसुद्धा नाही, यावर कुणी अजून रोमान्स कसा लिहिला नाही याचंच मला नवल वाटतं. तूच लिही. पहिला चॅप्टर आधी तिला दाखव, मग आमच्याकडं धाड, पण टाइप करून, मागं एका वाचकानं पिशवीभर वह्या ऑफिसात आणून ठेवल्यात.