ग्रिल राहू द्या, आधी पॉलिसीचे कागद काढा

न्यू जर्सीतील एका वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. वय ३८, पगार वर्षाला दीड लाख डॉलर, पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी सहा वर्षांची, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हाती आले. शेजाऱ्याने कचऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला ठेवलेली वेबरची जुनी ‘जेनेसिस’ गॅस ग्रिल त्यांनी घरी आणली, दोन मोडक्या ग्रिलचे सुटे भाग काढून तिला बसवले, गंज घासला, रंग दिला आणि ती सुरू करून दाखवली. आता एक गृहस्थ अशा पाच ग्रिलचे सांगाडे, सुट्या भागांची खोकी आणि चार गॅस टाक्या असे सगळे भंगार २,५०० डॉलरला द्यायला तयार आहेत. त्यात कॉम्प्रेसर, सँडब्लास्टिंगची पेटी आणि किरकोळ हत्यारे धरली की भांडवल ६,००० डॉलर होते. वर्षाला वीस ग्रिल प्रत्येकी ७०० डॉलरला विकायच्या, असा बेत आहे. प्रश्न एवढाच, की हे सहा हजार ४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून कर्जाऊ घ्यावेत की विमा पॉलिसीवर? एजंट त्यांच्या ओळखीतले आहेत आणि त्यांनी सांगितले आहे की पॉलिसीवरचे कर्ज करमुक्त असते, व्याज जवळजवळ नसतेच, ‘तुम्हीच तुमची बँक’.

ग्रिलचा हिशोब आधी उरकून घेऊ, कारण तो छोटा आहे आणि त्यात कोणी कोणाला फसवलेले नाही. तीन बर्नरची नवी कोरी ग्रिल वॉरंटीसह पाचशे-सहाशे डॉलरला मिळते. तिच्याशेजारी पस्तीस वर्षांच्या ग्रिलला सातशे मोजणारा शौकीन वर्षातून एखादा भेटेल, वीस भेटणार नाहीत. चारशे धरा. बर्नर, जाळ्या, रेग्युलेटर, नळी आणि रंग मिळून खर्च तुम्हीच २५० लिहिला आहे. म्हणजे एका ग्रिलमागे दीडशे आणि वीस ग्रिलमागे तीन हजार सुटतात. एका ग्रिलला २५ तास लागल्याचेही तुम्हीच लिहिले आहे. ५०० तासांत ३,००० डॉलर म्हणजे तासाला सहा, आणि फेडरल किमान वेतन ७.२५ आहे. या सहातूनही स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आणि वर प्राप्तिकर जायचा आहे. भांडवल वसूल व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल.

दोन गोष्टी तुमच्या यादीतच चुकल्या आहेत. तुम्ही झाकणाला लाल रंगाचा फवारा मारणार आहात. या ग्रिलचे लाल झाकण रंगवलेले नसते. पोलादावर काचेचा थर भट्टीत वितळवून बसवलेला असतो, आणि तो एकदा टवकला की डब्यातल्या कोणत्याही रंगाने परत येत नाही. उष्णतारोधक रंग झाकणाच्या दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांना, पेटीच्या बाहेरच्या अंगाला आणि चौकटीला लावावा. म्हणून भंगार घेताना किती सांगाडे आहेत हे मोजू नका, किती झाकणे धड आहेत ते मोजा. (आतून सुटणारे काळे पापुद्रे पाहून झाकण बाद करू नका, मी स्वतः एका उन्हाळ्यात अशी एक ग्रिल घासली आहे, आणि मला जो रंग वाटला होता तो वर्षानुवर्षांच्या चरबीची जळून झालेली खपली होती, पत्र्याच्या पट्टीने खरवडल्यावर खालून शाबूत काच निघाली.) दुसरी गोष्ट टाक्यांची. तुम्ही त्या मालमत्तेत धरल्या आहेत, पण २००२ च्या एप्रिलपासून अतिभरण रोखणारा व्हॉल्व्ह नसलेली घरगुती ग्रिलची टाकी भरून मिळत नाही. ज्या टाकीच्या व्हॉल्व्हची मूठ त्रिकोणी नसून गोल आहे, तिची किंमत शून्य धरा.

शिवाय तुम्ही अनोळखी माणसाला गॅसवर चालणारी वस्तू विकणार आहात. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळे केले तरी ज्योत उलटी फिरते, आणि तशी ती फिरली तर तुमची घराची विमा पॉलिसी बहुधा हात वर करील, कारण अशा पॉलिसींमधून व्यवसायाची जबाबदारी सर्रास वगळलेली असते. ग्रीन कार्ड आले आहे म्हणून मी एवढे तरी लिहितो आहे. एच-१बी व्हिसावर असताना दुरुस्ती करून विकण्याचा जोडधंदा करणे हे परवानगीबाहेरचे काम ठरते, आणि ही बाब अशा पत्रांमधून नेहमी सुटलेली असते.

तेव्हा स्वतःच्या अंगणासाठी आणखी एक ग्रिल करा, तीनशे डॉलर खर्च करा आणि भंगाराचा तो ढीग घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीचे वार्षिक विवरणपत्र आणि विक्रीच्या वेळचा तक्ता जोडला आहे, बहुधा कर्ज किती मिळेल ते मला दिसावे म्हणून. मला त्यात दुसरेच दिसले. ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि शेअर निर्देशांकाशी परतावा जोडलेली बचत एकत्र, विमा सहा लाखांचा आहे आणि हप्ता महिन्याला १,००० डॉलर. अडीच वर्षांत तुम्ही ३०,००० भरले. खात्यात २३,५०० दिसतात, पण आज पॉलिसी मोडली तर १४,५०० सरेंडर शुल्क कापून हाती ९,००० येतील. गेल्या बारा महिन्यांत भरलेल्या बारा हजारांपैकी ३,२०० डॉलर निरनिराळ्या नावांच्या शुल्कांत गेले आहेत. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात, की हप्ता परवडावा म्हणून ४०१(के) मधील कपात तेव्हापासून बंद केली आहे.

हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. तुमची कंपनी पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत तुमच्या प्रत्येक डॉलरमागे अर्धा डॉलर घालते, म्हणजे वर्षाला ४,५०० डॉलर. अडीच वर्षांत ११,००० हून अधिक रक्कम तुम्ही टेबलावर ठेवून उठून आलात. पॉलिसीत अडकलेले किंवा गेलेले २१,००० त्यात मिळवले, तर बत्तीस हजारांचा खड्डा पडलेला आहे आणि आपण सहा हजारांचे कर्ज कुठून काढायचे याची चर्चा करतो आहोत.

एजंटांनी तुम्हाला काय सांगितले असेल, ते मला न ऐकताही सांगता येते: बाजार चढला तर नफा, पडला तर शून्य, तोटा कधीच नाही. यातले ‘शून्य’ हे शुल्क कापण्यापूर्वीचे असते. बाजार पडलेल्या वर्षीही तुमच्या खात्यातून बत्तीसशे जाणारच. चढत्या वर्षी तुमच्या पॉलिसीत परतावा नऊ टक्क्यांवर रोखलेला आहे, आणि ही मर्यादा कंपनी करारातील किमान पातळीपर्यंत खाली आणू शकते. त्यासाठी एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाची जी वाढ मोजली जाते, तीत लाभांश धरलेला नसतो. विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. विक्रीच्या वेळी दिलेल्या तक्त्यात दोन रकाने असतात. त्यांतील साडेसहा टक्क्यांच्या रकान्याभोवती तुम्ही पेनाने गोल केलेला आहे. त्याच्या डावीकडचा, कंपनी ज्याची खरोखर हमी देते तो रकाना वाचा: तुमच्या वयाच्या ६४ व्या वर्षापासून खाली सगळीकडे शून्ये आहेत. म्हणजे हमीपुरतेच पाहिले, तर एवढे हप्ते भरूनही त्या वयात पॉलिसी संपलेली असेल.

आता ‘तुम्हीच तुमची बँक’. कर्ज सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर हाती येणाऱ्या रकमेवर मिळते. नऊ हजारांतून सहा काढले, की पॉलिसीला आधार उरतो तीन हजारांचा. उद्या नोकरी गेली आणि हप्ता थांबला, तर महिन्याला पावणेतीनशे शुल्क आणि वर कर्जाचे व्याज यांत ते तीन हजार साधारण वर्षभरात संपतील आणि पॉलिसी बंद पडेल, तीही नेमकी कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर गेलेला असताना. ज्या बँकेत स्वतःचेच पैसे व्याजाने घ्यावे लागतात आणि हप्ता चुकला तर बँकच बुडते, तिचे मालक होण्यात कसला मान आहे, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

पुढचा हिशोब ढोबळच करतो. महिन्याला तेच १,००० डॉलर ४०१(के) मध्ये घातले, सात टक्के धरले, तर २२ वर्षांत साधारण ५ लाख ९० हजार होतात, आणि कंपनीच्या वाट्याचे वेगळे २ लाख २० हजार. एकूण आठ लाखांच्या आसपास. सात टक्क्यांची हमी कोणी देत नाही, मीही देत नाही. पॉलिसीत खर्च वजा जाता चार टक्के पदरात पडले असे मानले, आणि तसे मानणे हा माझा उदारपणा आहे, तर चार लाख होतात. ४०१(के) मधून काढताना कर लागतो, हे खरे. पण तिथे १,००० घालायला आज खिशातून ७८० च्या आसपासच जातात, कारण ते करापूर्वी कापले जातात. विम्याची गरज तुम्हाला निश्चित आहे, पत्नी आणि मुलगी तुमच्या पगारावर आहेत, आणि त्यासाठी सहा लाख अपुरेच आहेत. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी ३८ वर्षांच्या माणसाला वीस वर्षांचा दहा लाखांचा साधा टर्म विमा महिन्याला साठ-सत्तर डॉलरच्या घरात मिळतो.

म्हणून क्रम असा ठेवा. येत्या पगारापासून ४०१(के) ची सहा टक्के कपात सुरू करा. ही गोष्ट उद्या सकाळीच करा. त्याच आठवड्यात टर्म विम्याचा अर्ज भरा, आणि तो मंजूर होऊन पहिला हप्ता जाईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका, कारण वैद्यकीय तपासणीत काही निघाले तर आहे तो विमा सोडण्यात शहाणपण नाही. दरम्यान एजंटांना वगळून थेट विमा कंपनीकडून पॉलिसीचा आजच्या तारखेचा नवा तक्ता मागवा, एक चार टक्क्यांनी आणि एक निव्वळ हमीचा. तो पाहूनही मन वळले नाही तर मला पुन्हा लिहा. वळले, तर पॉलिसी मोडा. एकवीस हजारांचा तोटा करातही वजा होत नाही आणि तो कसा भरून काढावा याचा विचार करत हप्ते भरत राहाल, तर दर महिन्याला आणखी हजार त्याच मार्गाने जातील. हाती येणारे नऊ हजार बचत खात्यात टाका. बँकेत तुमची शिल्लक तीन आठवड्यांच्या घरखर्चाइतकी आहे, आणि एका पगारावर चालणाऱ्या घरात ती सहा महिन्यांची हवी. ४०१(के) मधून कर्ज तर मुळीच घेऊ नका. नोकरी सुटली तर ते त्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावे लागते, अन्यथा त्यावर कर आणि वर दहा टक्के दंड बसतो.

सरेंडरचा अर्ज मागितला, की एजंटांचा फोन येईल. ते तुमच्या मंडळातले आहेत, गणपतीत भेटतात, मुलीच्या वाढदिवसाला घरी येतात, हे सगळे तुम्ही लिहिले आहे, आणि हा फोन टाळणे तुम्हाला जड जाईल हेही मला दिसते. वाद घालू नका, परताव्याची चर्चा करू नका. पहिल्या वर्षीच्या बारा हजारांपैकी कमिशन किती होते, एवढेच शांतपणे विचारा आणि अर्ज ईमेलने पाठवायला सांगा.