कव्हराखालची बकलं

प्रिय बाळा,

परवा कोल्हापुरातनं निघून बालिंग्याचा पूल ओलांडला आणि तू बेल्ट सोडलास. ‘आता पोलीस नाहीत काका,’ म्हणालास. तुझी आई गाडीत होती म्हणून गप्प बसलो.

फुलेवाडीपर्यंत दिवे आहेत, गर्दीमुळं वेगही बेताचा. तिथं बेल्ट लावायचा आणि पुढं कळे गावाकडं अंधार सुरू झाला की काढायचा, हे गणित मला उमगलं नाही. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. मागचा दिवा उसानं झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. समोरून कुणी अप्पर, म्हणजे दिव्यांचा वरचा झोत, मारत आला की डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. तो सरतो तेव्हा पहिल्यांदा दिसतात ती कापलेल्या उसाची तोंडं. ताशी ६० वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर सरलेलं असतं. ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल तर चाकामागं फक्त एक दगड, आणि ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला.

मला बोलायला तसं तोंड नाही. वडाप, म्हणजे सीटवारी प्रवासी गाडी, चालवायचो तेव्हा एका गाडीत सोळा माणसं कोंबलीत. देवानं सांभाळलं म्हणायचं.

आता तुझं. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. वरचा खांद्यावरून छातीवर. काखेखालून घेतलास तर बरगड्या जातील. एअरबॅग आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. बेल्ट नसला तर फुगणाऱ्या बॅगेवर तूच जाऊन आदळशील. अलार्म गप्प करायला खोचलेली ती खोटी क्लिप आजच फेकून दे.

मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९४ब मध्ये हजार रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालच्या पोरांची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर होते, बेल्टविना. ताईचं पोर मांडीवर धरून बसायचं हेही बंद. धडकेत ते कुणाच्या हातात राहत नाही.

रविवारी गगनबावड्याला आजीला नेणार म्हणतोस. नव्या गाडीला तू हौसेनं सीटकव्हर घातलंस, त्याखाली मागची बकलं गाडली गेलीत. शनिवारी संध्याकाळी ब्लेड घेऊन येतो. कव्हराला चिरा पाडून बकलं वर काढू. आजीचा बेल्ट मी लावून देईन, तिला ते लाल बटण दिसत नाही.

तुझा,
काका